पन्हाळा ते विशाळगड चार दिवसांत, वाडीवाडीत मुक्काम करत. कुणी केलंय का?

रंकाळाकाठची | ३ ऑक्टोबर

राम राम मंडळी. आम्ही तिघीजणी, वयं ४९, ५२ आणि ५७. पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या रोजच्या, महिन्यातून एकदा गायमुखाच्या वाटेनं जोतिबा. पुढच्या एप्रिलात संदकफूला (दार्जिलिंगकडचं शिखर) जायचं घाटतंय. तिकडं म्हणे दिवसभर चालायचं आणि रात्री पुढच्या गावच्या लॉजमध्ये पाठ टेकायची, तंबूबिंबू काही न्यायचं नाही. मग आधी हाच प्रकार घरच्या डोंगरात का करून बघू नये, असं आमच्यातल्या सगळ्यात थोरलीनं काढलं.

तर पन्हाळा - पावनखिंड - विशाळगड. जुलैत महाराजांच्या त्या वाटेनं निघणाऱ्या मोहिमांची गर्दी नको. दिवाळी झाल्यावर चार दिवस, तीन रात्री. तंबू नाही, स्टोव्ह नाही, संयोजक नाही. रात्री कुठं थांबावं, आणि तीन बायकांनी संध्याकाळी वाडीत जाऊन "राहू का" विचारलं तर ते बरं दिसतं का, हे मुख्य विचारायचंय. बाकी सामानाचं आम्ही बघतो. (बघतो म्हणजे भांडतो. एकीला प्रेशर कुकर न्यायचाय.)

मिसळ_कट | ३ ऑक्टोबर

चार दिवस? महाराज एका रात्रीत गेले की हो 😀

रंकाळाकाठची | ३ ऑक्टोबर

त्यांच्या मागं सिद्दी जौहर होता. आमच्या मागं फक्त ऑफिसचं मस्टर.

शाहूवाडीकर | ३ ऑक्टोबर

आक्का, विचार झकास आहे. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॉज हा शब्द आधी डोक्यातून काढा. वाडीत थांबायच्या जागा तीनच. शाळा, देऊळ आणि कुणाच्या तरी घरची पडवी. शाळेला सुट्टी असेल तर किल्ली कुणाकडं आहे ते शोधण्यात तास जातो. देवळात जागा मिळते, पण जेवणाचं काय? म्हणून घर बरं. आणि बायका आहात म्हणून काळजी करू नका, उलट तुमचं काम सोपं. पोरांचा घोळका आला की वाडीतली माणसं आधी आवाज ऐकतात, मग बाटल्या हुडकतात. तीन बायका आल्या तर सरळ चुलीपाशी बसवतील.

पण दिवाळीनंतर म्हणताय, तेव्हा सुगी असते. भातकापणी आणि मळणी. दिवसा वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच सापडतील, बाकी सगळी शिवारात. पडव्या पोत्यांनी भरलेल्या. अशा वेळी सातला न सांगता दारात उभं राहणं म्हणजे दिवसभर विळा चालवलेल्या बाईला आणखी तीन माणसांच्या भाकरी थापायला लावणं. आधी कळवून जावा. पाव्हणा म्हणून गेलात तर नाही कुणी म्हणणार नाही, पण म्हणूनच तर आपण जपायचं.

घाटवाट_८२ | ४ ऑक्टोबर

ही वाट पावसाळ्यात सहा वेळा आणि हिवाळ्यात दोनदा केली आहे. हिवाळ्यातली जास्त आवडली. पावसात सगळं लक्ष पायाखालच्या चिखलावर. आजूबाजूला काय होतं ते नंतर फोटोत कळतं.

मुक्कामांचं असं जमेल. पहिल्या दिवशी गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सकाळी सातला हजर. राजदिंडीतून (गडाची छोटी वाट) उतरून तुरुकवाडी, मग म्हाळुंगे, तिथून मसाई पठाराचा चढ. पठार संपलं की कुंभारवाडी, खोतवाडी. तिथंच थांबा. मोहीमवाले पुढं करपेवाडीपर्यंत ओढतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मे लंगडतात. दुसऱ्या दिवशी मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, कळकवाडी करत रिंगेवाडी किंवा माळेवाडी. तिसऱ्या दिवशी पाटेवाडी, सुकामाचा धनगरवाडा, म्हसवडे आणि मुक्काम पांढरपाणी. चौथ्या दिवशी सकाळी पावनखिंड. खिंडीतून पुढं भाततळी, गजापूर करत विशाळगड जवळजवळ सगळा डांबरी रस्ता. तिथं पाय जेवढे दुखतात तेवढे आधीच्या तीन दिवसांत दुखत नाहीत.

पन्हाळा ते पावनखिंड ५० किलोमीटरच्या आसपास धरा. प्रत्येकाचा मोबाइल वेगळा आकडा दाखवतो, भांडू नका.

मसाई पठाराबद्दल मात्र गंभीरपणे. नकाशावर ते सपाट म्हणून सोपं वाटतं. चुकायला होतं ते तिथंच. चढावर एकच वाट असते, पठारावर गुरांनी पाडलेल्या पन्नास. एकदा जुलैत धुकं इतकं उतरलं की पुढच्याच्या सॅकचा रंग दिसेना. आम्ही तासभर चाललो आणि पुन्हा त्याच डबक्यापाशी आलो. ओळखलं कसं, तर डबक्यात मघाशी आमच्यातल्या एकानं टाकलेलं संत्र्याचं साल तरंगत होतं. (त्याला तिथंच दोन शिव्या पडल्या, पण सालीचे आभारही मानले.) शेवटी घोंगडं पांघरलेला एक धनगर मामा दिसला, त्यानं काठीनं दिशा दाखवली. नोव्हेंबरात धुकं एवढं नसतं, पण मसाई देवीच्या देवळापासून पुढची वाट कुणाला तरी विचारूनच धरा.

तांबडा_पांढरा | ४ ऑक्टोबर

कुकर न्या ओ. मटणाचं मी बघतो.

आता_म्युनिकात | ५ ऑक्टोबर

मूळ कसबा बावडा, सध्या नावात आहे तिथं. धागा वाचून घरची आठवण आली म्हणून लिहितोय. इकडं आल्प्समध्ये असं झोपडी ते झोपडी चालणं हा रोजचाच प्रकार. गेल्या वर्षी माँ ब्लाँची प्रदक्षिणा केली. साधारण १७० किलोमीटर, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, आणि सगळे चढ मिळवले तर १०,००० मीटरच्या घरात. लोक दहा-अकरा दिवस घेतात. मुख्य हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच, त्यामुळे जागा कितीतरी महिने आधी धराव्या लागतात.

डोंगरापेक्षा तिथली शिस्त मला शिकण्यासारखी वाटली. बूट दाराबाहेरच्या खोलीत. जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकच, ताटात येईल ते. रात्री दहाला दिवा बंद, त्यानंतर प्लास्टिकची पिशवी वाजवलीत तरी शेजारचा म्हातारा खाकरतो. अंथरुणात आपली सुती पिशवी घालूनच झोपायचं, कारण तिथली ब्लँकेटं रोज धुणं शक्य नसतं. आणि येणार नसाल तर कळवायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही पोचला नाहीत तर तुम्ही वाटेत कुठं पडलात की काय, असं वाटून शोधायला माणसं निघू शकतात.

ताई, ती सुती पिशवी विकत घेऊ नका. आईनं मला जुन्या पातळाची दुहेरी शिवून दिली होती. वजन काही नाही आणि घडी तळहातावर मावते. वाडीतलं घोंगडं अंगाला टोचतं, त्यावरही हाच उपाय.

उद्यमनगर | ५ ऑक्टोबर

"येणार नसाल तर कळवायचं" यावर मला एक कबुली द्यायची आहे. बरीच वर्षं झाली, पण सलतंय.

आम्ही कारखान्यातले नऊजण याच वाटेला निघालो होतो. पुढच्या एका वाडीत ओळखीतून रात्रीच्या जेवणाचं सांगून ठेवलेलं. दुपारी पाऊस वाढला, दोघांचे पाय सोललेले, डांबरी रस्ता लागला तिथं एक टेम्पो मिळाला आणि आम्ही सगळे बसून कोल्हापूरला आलो. फोनला रेंज नव्हती, हे खरं. पण घरी आल्यावर तर होती ना? कुणीच फोन केला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं केला असेल.

पंधरा दिवसांनी ज्यानं ओळख काढून दिली होती तो भेटला. त्या घरात नऊजणांचा भात आणि कोंबडी शिजवून माणसं बसली होती. रात्री दहाला बाप आणि मुलगा बॅटरी घेऊन पावसात ओढ्यापर्यंत बघायला गेले. वाहून गेलो की काय म्हणून. आम्ही त्या वेळी घरी गरम पाण्यानं अंघोळ करून झोपलो होतो.

पैसे पाठवून दिले. त्यांनी कोंबडीचे तेवढे घेतले, बाकीचे परत केले.

शाहूवाडीकर | ५ ऑक्टोबर

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. असं झालेली घरं मला माहीत आहेत, म्हणून आता काहीजण आगाऊ पैसे मागतात आणि मग शहरातली माणसं म्हणतात, "वाड्या पण बिघडल्या."

पैशाचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. किती द्यायचे ते आधीच ठरवा.

पंचगंगातीर | ६ ऑक्टोबर

नाही पटलं. पैसे काढले की पाहुणचाराचा धंदा झाला. आम्ही मुलांसाठी वह्या-पेनं नेतो, साखर, चहापूड नेतो. ती माणसं पैसे घेतच नाहीत, हात मागं घेतात.

शाहूवाडीकर | ६ ऑक्टोबर

हात मागं घेतात कारण तुम्ही निघताना, सगळ्यांसमोर, पाकीट काढून देता. सासू बघत असते, शेजारीण बघत असते. कोण घेईल? आदल्या दिवशी फोनवरच "काकी, माणशी एवढे देतो, चालेल का" असं विचारा, तिथं कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. आणि वह्यांचं म्हणाल तर जुलैत एका एका शाळेत इतक्या वह्या येतात की पोरं त्यांची विमानं करतात. तांदूळ घरचा, दूध घरचं, पण तेल, चहापूड, गॅस बाजाराचा आणि बाजार मलकापूरला. तिथं जायला वडापचं (जीपचं) भाडं लागतं.

पंचगंगातीर | ६ ऑक्टोबर

फोनवर आधी विचारायचं हे पटलं. बाकी सवडीनं भांडू.

डॉ_कळंबा | ७ ऑक्टोबर

दवाखान्यातून सुटका झाली म्हणून चार ओळी. नोव्हेंबरात जळवांचा त्रास पावसाळ्याइतका नसतो. ओढ्याकाठी चिकटलीच तर नखानं तोंडाकडून सरकवून काढा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं कारण ती रक्त गोठू न देणारा द्रव सोडते. दाबून धरा, घाबरू नका. गवतातल्या गोचीडाकडं जास्त लक्ष द्या. संध्याकाळी पोटऱ्या, गुडघ्यामागची बाजू, कंबर तपासा. चिकटलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा, तेल-रॉकेल लावत बसायचं नाही.

साप चावला तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. तो भाग हलू न देता १०८ ला फोन आणि लवकरात लवकर रुग्णालय.

संदकफूचं वेगळं आहे. ते ३,६३६ मीटरवर. मसाई पठारावर तुम्ही कितीही तुरुतुरु चाललात तरी विरळ हवेची परीक्षा तिथं होत नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा फार वाढू नये. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर जायचं नाही, आणि कमी होत नसेल तर खाली उतरायचं. ५७ च्या ताईंनी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. माझ्याकडंच या असं नाही.

निवृत्त_पोस्टमन | ७ ऑक्टोबर

संदकफू मी साठीत केलं. मानेभंज्यांगहून निघून तुमलिंग, कालीपोखरी, संदकफू, तिथून फालुट आणि मग गोरखे गावात उतरलो. वाट भारत-नेपाळच्या सीमेवरून जाते, त्यामुळे चहा एका देशात आणि लघुशंका दुसऱ्या देशात असा प्रकार होतो. सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. एप्रिलात गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो आणि पहाटे हवा स्वच्छ असेल तर कांचनजंगा दिसते. लॉजवाल्या बायका शाहूवाडीच्या काकींसारख्याच आहेत. आधी चुलीपाशी बसवतात, मग नाव विचारतात.

रंकाळाकाठची | ९ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. उद्यमनगर दादांची पोस्ट आम्ही तिघींनी बागेत बाकावर बसून मोठ्यानं वाचली. त्यानंतर एकमतानं नियम झाला. फोन करायचं काम एकटीचं, आणि ती एकटी म्हणजे मी.

शाहूवाडीकरांनी निरोपातून तीन घरांचे नंबर दिले आहेत, बोलणं झालंय. कुकर रद्द. भडंग, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दशम्या नेतोय.

घाटवाट_८२ | ९ ऑक्टोबर

एक राहिलं. मसाई पठार आणि विशाळगडाच्या बाजूचं रान वनखात्याच्या संवर्धन राखीव क्षेत्रात येतं, वाटेत कुठं चूल मांडू नका. वाळलेलं गवत आहे, एक ठिणगी पुरे. गवा दिसला तर थांबून त्याला जाऊ द्या, विशेषतः एकटा असेल तर. विशाळगडावर जाण्याआधी तेव्हाचे नियम आणि वेळा शाहूवाडी पोलिसांकडं विचारून घ्या. आणि जुने बूट नेणार असाल तर तळवे ओढून बघा.

रंकाळाकाठची | २६ नोव्हेंबर

जाऊन आलो! घाटवाट दादा, तळव्यांचं तुमचं वाक्य मी वाचलं होतं. ओढून मात्र बघितलं नव्हतं.

पहिला दिवस ऊन आणि कुसळं. पठारावरचं गवत कमरेएवढं, वाळून सोनेरी झालेलं, आणि त्याची कुसळं मोज्यातून आत शिरून बरोबर घोट्याच्या हाडावर टोचत राहतात. दर अर्ध्या तासाला तिघी ओळीनं बसून एकमेकींचे मोजे निवडत होतो, तांदूळ निवडावेत तसे. पुढच्या वेळी वरून सुती पट्टी गुंडाळणार. देवळापासून पुढं वाट विचारायला कुणीच दिसेना, तेव्हा वीस मिनिटं नुसतं बसून राहिलो. म्हशी घेऊन एक मुलगा आला, मग निघालो. ती वीस मिनिटं बसणं हा पूर्ण प्रवासातला आमचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

खोतवाडीत पडवीत खरंच पोती होती. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये आमची तीन अंथरुणं. नव्या भाताचा वास इतका जवळून मी आधी घेतला नव्हता. थोडा धुळकट, थोडा गोड, रात्री कूस बदलली की नव्यानं येणारा. घरातल्या आजींनी विचारलं, "कुठल्या देवाला निघालायसा?" म्हटलं देवाला नाही, विशाळगडला, चालत. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "गाडी चुकली व्हय?"

दुसऱ्या दिवशी कळकवाडीच्या पुढं माझ्या उजव्या बुटाचा तळवा अर्धा सुटला. चालताना चपाट चपाट वाजायला लागला. चिकटपट्टी गुंडाळली, ती पंधरा मिनिटांत फाटली. मग ओढणीची किनार बांधून तसंच रेटलं. वेग निम्मा झाला आणि माळेवाडीच्या मुक्कामाला साडेपाचला पोचणारे आम्ही, सहाला अजून दोन वाड्या मागं. खाली रेंज नव्हती. एका टेपावर चढून दोन काड्या मिळाल्या, तिथून काकूंना फोन लावला. "उशीर होतोय, पण येतोय, बूट फाटलाय." पलीकडून आवाज आला, "येवा सावकाश. भाकरी तुम्ही आल्यावरच थापते." अंधार पडायच्या आत त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन अर्ध्या वाटेवर हजर होता. मला राहून राहून उद्यमनगर दादांचा ओढा आठवत होता.

जेवण काय सांगू. नाचण्याची भाकरी, वालाचं कालवण, ओल्या मिरचीचा खर्डा. जेवून मी बूट घेऊन बसले, तर घरातले काका म्हणाले इकडं आणा. पोती शिवायचं दाभण आणि सुतळी काढली. सुतळीला मेण चोळलं. तळव्याच्या कडेला आधी दाभणानं भोकं पाडली, मग आतून बाहेर, बाहेरून आत असे बोटभर अंतरावर टाके घालत गेले. टाचेपाशी दाभण आत जाईना, तेव्हा ते चुलीत तापवून घेतलं, रबर वितळल्याचा वास घरभर. पाऊण तास लागला. या सगळ्यात त्यांनी एकदाच मान वर केली, "केवढ्याचा घेटला?" म्हणून विचारायला. मी खरी किंमत सांगितली नाही, निम्मी सांगितली. तरी त्यांनी "आयला" म्हटलंच.

पैसे फोनवर ठरल्याप्रमाणे काकूंच्या हातात दिले, सरळ घेतले. बुटाचे मात्र काकांनी घेतले नाहीत, फार म्हटल्यावर नाराज झाले.

तिसरा दिवस झाडीतला, सावलीतला, मला सगळ्यात आवडलेला. गवा दिसला नाही, ताजं शेण दिसलं, तेवढ्यावर आमच्यातल्या एकीनं दोन किलोमीटर तोंडातून शब्द काढला नाही. पांढरपाणीला मुक्काम. चौथ्या दिवशी सकाळी आठला पावनखिंडीत आम्ही तिघीच. खाली उतरून ओढ्यात दगडावर बसलो. पाणी अगदी थोडं, आवाज मात्र दोन्ही कड्यांमध्ये घुमणारा. थोरलीनं तिथं बाजीप्रभूंचं नाव घेतलं आणि पुढं बोलताच आलं नाही तिला. गजापूरपर्यंतच्या डांबरानं पायांचं काय केलं ते लिहीत नाही.

मिसळ_कट | २६ नोव्हेंबर

"गाडी चुकली व्हय" 😂 माझी आजी हेच म्हणाली असती. मान गये आक्का. पुढच्या वेळी आम्हाला न्या, वाटेतली मिसळ माझ्याकडं.

आता_म्युनिकात | २७ नोव्हेंबर

पातळाची पिशवी नेली का?

रंकाळाकाठची | २७ नोव्हेंबर

तिघींच्या तीन नेल्या. एक खोतवाडीच्या आजींनी ठेवून घेतली. म्हणाल्या, पोरासोरांना बरी.

पंचगंगातीर | २७ नोव्हेंबर

माळेवाडीच्या त्या घराचा नंबर इथं टाकाल का? डिसेंबरात जायचंय. आधी फोन करून, ठरवून. 🙏

रंकाळाकाठची | २७ नोव्हेंबर

इथं उघड्यावर नको, निरोप पाठवते. काकूंना विचारून.

शाहूवाडीकर | १४ डिसेंबर

आक्का, परवा आजोळी गेलतो. काकांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. टाके टिकले का म्हणून विचारलंय.

रंकाळाकाठची | १४ डिसेंबर

कालच गायमुखानं चढले. उजवा दगडासारखा आहे, सांगा त्यांना. डाव्याचा तळवा सुटायला लागलाय.